गर्भवतीचा आहार आणि उंदरांची साक्ष

विशेष प्रतिनिधी

गरोदर बाईने काय खावे आणि काय खाऊ नये, याविषयी आपल्याकडे सल्ल्यांचा तुटवडा कधीच नव्हता. पपई नको, फार तिखट नको, लोणी-साखर हवी, डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर, हे सारे घरातल्या वडीलधाऱ्या बायका न विचारताही सांगतात. मात्र आजच्या डोहाळजेवणाच्या ताटात पिवळीधमक जिलेबी असते, बाटलीतले सरबत असते, पाकिटातले फरसाण असते. त्या पाकिटावर बारीक अक्षरांत 'परवानगीप्राप्त कृत्रिम रंग', 'परिरक्षक २११' असे काहीबाही छापलेले असते. त्याविषयी आजीला काही सांगता येत नाही, आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही चटकन उत्तर देता येत नाही.

पदार्थ टिकावा, तो रंगीत दिसावा, गोड लागावा किंवा दाट व्हावा म्हणून त्यात मुद्दाम घातल्या जाणाऱ्या अशा द्रव्यांना खाद्यमिश्रके म्हणता येईल. ती पोटातल्या बाळाला अपायकारक नाहीत, हे कोणी आणि कसे ठरवले? गर्भवती स्त्रियांना मुद्दाम वाढत्या प्रमाणात एखादे रसायन देऊन परिणाम पाहणे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला मान्य होणार नाही. त्यामुळे ही साक्ष प्रामुख्याने उंदीर आणि ससे यांच्याकडून घेतली जाते. ती कशी घेतली जाते, तिच्यावर किती विसंबावे आणि ती कुठे अपुरी पडते, याचा हा आढावा.

अभेद्य भिंतीचा समज

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत वैद्यकात असा समज प्रबळ होता, की आईच्या उदरातील गर्भ वारेमुळे बाह्य जगापासून सुरक्षित असतो आणि जन्मजात व्यंगे ही आनुवंशिक असतात. या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो डुकरांनी. अमेरिकेतील टेक्सास येथे फ्रेड हेल यांनी गाभण डुकरिणीला 'अ' जीवनसत्त्वाविना आहार दिला, तेव्हा तिची पिल्ले बुबुळांविना, किंबहुना डोळ्यांविनाच जन्मली. १९३३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे १९४० मध्ये सिनसिनाटी येथील बालरोगतज्ज्ञ जोसेफ वारकनी यांनी सदोष आहार दिलेल्या उंदरांच्या पिल्लांत हाडांची व्यंगे दाखवून दिली.

कमतरता जशी घातक, तसा अतिरेकही. १९५३ मध्ये सिडनी कोहलान यांनी गाभण उंदरांना 'अ' जीवनसत्त्वाच्या अतिरिक्त मात्रा दिल्या आणि पिल्लांत गंभीर विकृती आढळल्या. जे द्रव्य न मिळाल्याने पिल्लू आंधळे होते, तेच अती मिळाल्यानेही विद्रूप होते, ही बाब खाद्यमिश्रकांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जीवनसत्त्वेही अन्नात वरून मिसळली जातात; वनस्पती तुपात 'अ' जीवनसत्त्व मिसळण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तेव्हा 'पोषक' हे विशेषण चाचणीतून सूट मिळवून देत नाही.

तरीही जगाचे डोळे उघडले ते थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेने. १९५७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत झोपेसाठी आणि पुढे गरोदरपणातील मळमळीवर हे औषध सर्रास दिले जाऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले गेले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेत अन्न व औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सेस केल्सी यांनी पुराव्याअभावी मंजुरी रोखून धरल्याने तो देश मोठ्या अनर्थातून बचावला.

खाद्यमिश्रकांच्या चाचणीच्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग पुढेच आहे. हे औषध गाभण उंदरांना दिले असता अपेक्षित व्यंगे दिसेनात. १९६२ मध्ये न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांवर प्रयोग झाले, तेव्हा मानवी बालकांसारखीच हातापायांची व्यंगे पिल्लांत आढळली. एकाच जातीच्या प्राण्याची साक्ष पुरेशी नाही, एक कृंतक आणि एक अकृंतक असे किमान दोन प्राणी हवेत, हा दंडक त्यातून रूढ झाला. प्रयोगशाळेत आजही उंदरांच्या पिंजऱ्यांशेजारी सशांचे पिंजरे दिसतात ते याच कारणाने.

औषधांकडून अन्नाकडे

खाद्यमिश्रकांची सुरक्षितता विक्रीपूर्वीच सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी दुरुस्ती अमेरिकेने १९५८ मध्ये केली. मात्र जे पदार्थ दीर्घकाळ वापरात होते, त्यांना 'सर्वसाधारणपणे सुरक्षित' मानून या अटीतून वगळण्यात आले. ही यादी बरीच लांबलचक होती, आणि तीतील कित्येक द्रव्यांची गर्भावरील परिणामांसाठी कधीही तपासणी झालेली नव्हती.

ऑक्टोबर १९६९ मध्ये सायक्लामेट या कृत्रिम गोडीच्या द्रव्यावरून वादळ उठले. अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॅकलिन व्हेरेट यांनी कोंबडीच्या अंड्यांत सायक्लामेट टोचले होते आणि पिल्लांत विकृती पाहिल्या होत्या. त्यांनी ही बाब दूरचित्रवाणीवर उघड केली. त्यावर टीका झाली, ती अगदीच निराधार नव्हती. कोंबडीच्या अंड्याला वार नसते, आईचे यकृत नसते, मूत्रपिंड नसते. अंड्यात टोचलेले रसायन तेथेच राहते. आईने खाल्लेले रसायन मात्र पचन, विघटन आणि उत्सर्जन या चाळण्यांतून गेल्यावरच गर्भापर्यंत पोहोचते. सायक्लामेटवर त्याच महिन्यात बंदी जाहीर झाली, पण ती उंदरांच्या मूत्राशयातील गाठींमुळे, अंड्यांमुळे नव्हे.

या वादानंतर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 'सर्वसाधारणपणे सुरक्षित' यादीच्या फेरतपासणीचे आदेश दिले. १९७० मध्ये खाद्यमिश्रकांसाठी प्रजननविषयक चाचण्या कशा असाव्यात, याचा तज्ज्ञ अहवाल तयार झाला. पाठोपाठ लहान उंदीर, मोठे उंदीर, हॅमस्टर आणि ससे अशा चार प्राण्यांवर एकेक द्रव्य तपासण्याची मोहीम सुरू झाली. आईस्क्रीम दाट करणारा गवार गोंद आणि सरबतात हमखास असणारे सोडियम बेंझोएट, म्हणजेच पाकिटावरचे ते '२११', ही त्या मोहिमेत तपासली गेलेली द्रव्ये होत.

प्रयोगशाळेत नेमके काय होते?

आज जगभर जी पद्धत प्रमाण मानली जाते, ती आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची मार्गदर्शिका क्रमांक ४१४ होय. ती १९८१ मध्ये प्रथम स्वीकारण्यात आली, २००१ मध्ये सुधारली गेली आणि २०१८ मध्ये तीत नव्या तपासण्यांची भर पडली.

प्रथम मादी आणि नर एकत्र ठेवतात. सकाळी मादीच्या योनिस्रावात शुक्रजंतू आढळले, की त्या दिवसापासून गर्भधारणेची गणना सुरू होते. उंदरीण सुमारे २१ ते २३ दिवसांत विते, तर सशीण सुमारे ३१ दिवसांत. मानवी गर्भाचे मुख्य अवयव तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात आकार घेतात. उंदरांत हाच टप्पा साधारण सहाव्या ते पंधराव्या दिवसात उरकतो. पूर्वी केवळ त्या दिवसांतच द्रव्य देत असत. नव्या पद्धतीत गर्भ गर्भाशयात रुजल्यापासून प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत ते रोज दिले जाते.

माद्यांचे किमान चार गट करतात. एका गटाला द्रव्य अजिबात मिळत नाही. हा तुलनेचा गट. उरलेल्या तीन गटांना कमी, मध्यम आणि जास्त मात्रा दिली जाते. सर्वांत मोठी मात्रा अशी निवडतात, की आईवर थोडाफार परिणाम दिसावा, पण ती गंभीर आजारी पडू नये किंवा मरू नये. निरुपद्रवी द्रव्यांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज १,००० मिलिग्रॅम ही मर्यादा पुरेशी मानतात. प्रत्येक गटात गर्भ राहिलेल्या सुमारे २० माद्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. एका उंदरिणीला सरासरी बारा पिल्ले धरली, तर एका द्रव्याच्या एकाच प्रयोगात हजाराच्या आसपास गर्भ तपासावे लागतात, असा हिशेब निघतो.

प्रसूतीच्या आदल्या दिवशी माद्यांना वेदनारहित मृत्यू देऊन गर्भाशय बाहेर काढले जाते. माद्यांना नैसर्गिकरीत्या विऊ दिले जात नाही, कारण विकृत किंवा मृत पिल्लू आई खाऊन टाकते आणि पुरावाच नष्ट होतो. अंडाशयावरील पीतपिंड मोजले, की किती बीजे सुटली ते कळते. गर्भाशयातील रुजलेल्या जागा मोजल्या, की किती गर्भ टिकले आणि किती आतल्या आत विरून गेले ते कळते. नुसती जिवंत पिल्ले मोजली, तर हा मूक गर्भपात नजरेतून निसटतो.

मग प्रत्येक गर्भाचे वजन, लिंग आणि बाह्य रूप नोंदले जाते. उंदरांच्या प्रत्येक वेतातील निम्म्या गर्भांची हाडे तपासतात: मांस पारदर्शक करणाऱ्या द्रावणात ठेवून अलिझरीन नावाच्या लाल रंगाने हाडे रंगवली, की काचेच्या शरीरात तांबड्या रेषांनी काढल्यासारखा सांगाडा दिसू लागतो. बरगड्या, मणके, बोटांची पेरी एकेक करून मोजली जातात. उरलेल्या निम्म्या गर्भांचे अंतर्गत अवयव पाहतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स विल्सन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत गर्भाचे दाढीच्या पात्याने पातळ काप करून टाळू, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे भिंगाखाली न्याहाळली जातात. सशांत मात्र प्रत्येक गर्भाची दोन्ही प्रकारे तपासणी होते. तपासनिसाला कोणता गर्भ कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे, असा संकेत आहे. पूर्वग्रह नजरेलाही फसवतो.

एक वेत, एक साक्षीदार

आकडे वाचण्यात एक मोठी मेख आहे. एका मादीच्या बारा पिल्लांपैकी सहा विकृत निघाली, तर ते सहा पुरावे नव्हेत. आई एकच, तिचे आजारपण एकच, आनुवंशिकताही बव्हंशी एकच. म्हणून संख्याशास्त्रात वेत हेच एकक धरले जाते. हा नियम पाळला नाही, तर एका आजारी उंदरिणीवरून एखादे निर्दोष द्रव्य दोषी ठरू शकते, अथवा खरा दोष पिल्लांच्या मोठ्या संख्येत झाकून जाऊ शकतो.

दुसरा प्रश्न कार्यकारणाचा. मात्रा फार मोठी असेल तर आई खाणे टाकते, तिचे वजन घटते आणि पिल्ले किरकोळ होतात. मग दोष रसायनाचा की उपासमारीचा? म्हणूनच आईचा आहार आणि वजन यांची नोंद सातत्याने ठेवली जाते. आईवर काहीही परिणाम नसताना गर्भावर परिणाम दिसला, तर ती सर्वांत गंभीर सूचना मानतात. काही व्यंगे तुलनेच्या गटातही आढळतातच; माणसांतही दर शंभर नवजातांपैकी साधारण तिघांत काही ना काही मोठे व्यंग असते. एखाद्या गटात व्यंग दिसले एवढे पुरत नाही. मात्रा वाढेल तसे प्रमाण वाढते का, हे पाहावे लागते.

लाल रंगाचे प्रकरण

साक्ष किती घोटाळ्याची होऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे ॲमरंथ, अमेरिकेतील 'लाल क्रमांक २'. १९७० च्या सुमारास सोव्हिएत संघातील संशोधकांनी हा रंग उंदरांच्या गर्भांना घातक असल्याचे आणि त्यामुळे कर्करोग होत असल्याचे प्रसिद्ध केले. हा रंग त्या वेळी अमेरिकेत सरबतांपासून लिपस्टिकपर्यंत सर्वत्र होता. प्रशासनाने स्वतः प्रयोग केले; काही मात्रांत विरून गेलेल्या गर्भांचे प्रमाण वाढलेले दिसले. इतर प्रयोगांत मात्र तसा परिणाम सातत्याने आढळला नाही.

दरम्यान दीर्घकालीन प्रयोगात वेगळाच गोंधळ झाला. काही उंदीर चुकीच्या पिंजऱ्यांत गेले, मेलेले काही उंदीर वेळीच न काढल्याने तपासण्याजोगे राहिले नाहीत. उरलेल्या नोंदींचे विश्लेषण करता मोठ्या मात्रेच्या गटातील माद्यांत कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसले. १९७६ च्या प्रारंभी या रंगाची परवानगी काढून घेण्यात आली. रंग घातक ठरला म्हणून नव्हे, तर तो सुरक्षित असल्याचे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही म्हणून. युरोपात मात्र हाच रंग मोजक्या पदार्थांत आजही चालतो. २०१० मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची दैनंदिन स्वीकार्य मात्रा दर किलो वजनामागे ०.१५ मिलिग्रॅम इतकी खाली आणली.

त्याच वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, इलिनॉय राज्यातील 'इंडस्ट्रियल बायो-टेस्ट' या खासगी प्रयोगशाळेतील बनवाबनवी उघड होऊ लागली. तेथे अनेक उत्पादनांच्या चाचण्या होत असत आणि अहवालांतील नोंदी खोट्या निघाल्या. पुढे न्यायालयात शिक्षाही झाल्या. या प्रकरणातून 'उत्तम प्रयोगशाळा पद्धती'चे कायदेशीर नियम जन्मले. प्रत्येक प्राण्याची ओळख, प्रत्येक मात्रेची नोंद, मूळ कागदपत्रांचे जतन आणि स्वतंत्र तपासणी १९७९ पासून अमेरिकेत बंधनकारक झाली. भारत या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सदस्य २०११ मध्ये झाला. परिणामी भारतीय प्रमाणित प्रयोगशाळांचे अहवाल आता त्या देशांतही ग्राह्य धरले जातात.

चहाच्या कपातले कॅफिन

आपल्या घरांशी सर्वांत जवळचे उदाहरण कॅफिनचे आहे. चहा-कॉफीत ते निसर्गतः असते. कोला पेयांत ते मिसळले जाते, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते तेथे खाद्यमिश्रकच ठरते.

अमेरिकी प्रशासनातील थॉमस कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना कॅफिन नळीने थेट जठरात दिले. दर किलो वजनामागे ८० आणि १२५ मिलिग्रॅम या मात्रांत पिल्लांची काही बोटे तयारच झाली नाहीत. कमी मात्रांतही उरोस्थी बनण्यास विलंब दिसला. सप्टेंबर १९८० मध्ये प्रशासनाने गर्भवतींना कॅफिन टाळण्याचा किंवा कमी घेण्याचा सल्ला दिला. वृत्तपत्रांत मथळे झळकले.

त्यानंतर याच संशोधकांनी कॅफिन पिण्याच्या पाण्यातून दिले. दिवसभरात घोट घोट घेतलेली एकूण मात्रा दर किलोमागे २०० मिलिग्रॅमच्या घरात गेली, तरी बोटे गळालेली आढळली नाहीत. द्रव्य तेच, प्राणी तेच, मात्रा अधिक. फरक होता तो रक्तात एकदम उसळणाऱ्या पातळीचा. नळीने दिलेली मात्रा क्षणात रक्तात चढते आणि यकृताला ती आवरत नाही. घोटाघोटाने घेतलेली मात्रा जशी येते तशी निकामी होत जाते. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीने ८० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ४,००० मिलिग्रॅम कॅफिन एका दमात घ्यायचे, तर एका कपात ४० मिलिग्रॅम धरून शंभर कप चहा एका घोटात प्यावा लागेल.

मग चहा बिनधास्त प्यावा का? तसेही नाही. येथे उंदराची साक्ष उलट बाजूनेही फसवी आहे. उंदीर कॅफिन झपाट्याने निकामी करतो. स्त्रीच्या शरीरात एरवी सुमारे पाच तासांत निम्मे होणारे कॅफिन गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत निम्मे व्हायला पंधरा तासांच्या आसपास घेते. ते वार सहज ओलांडते आणि गर्भाकडे ते निकामी करण्याची यंत्रणा जवळजवळ नसते. म्हणून पुढे माणसांवरील निरीक्षणांचा आधार घेण्यात आला. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये गर्भवतींसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफिन गर्भाच्या दृष्टीने चिंताजनक नसल्याचे मत दिले. आपल्याकडे कॅफिनयुक्त ऊर्जापेयांच्या डब्यांवर 'मुले, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी नाही' अशी सूचना बंधनकारक आहे.

जन्मानंतरचे परिणाम

जन्मतः पिल्लू धडधाकट दिसले, म्हणजे सारे आलबेल असे नाही. मेंदू, संप्रेरके, प्रतिकारशक्ती आणि पुढची प्रजननक्षमता यांवरील परिणाम नंतर उमटतात. त्यासाठी दोन पिढ्यांची चाचणी आली. तीत एका द्रव्यासाठी सुमारे २,६०० प्राणी लागत. २०११ मध्ये स्वीकारलेल्या विस्तारित एक-पिढी चाचणीने ही संख्या सुमारे १,४०० पर्यंत खाली आणली आणि तीत चेतासंस्था व प्रतिकारशक्ती यांच्या तपासण्यांची सोयही झाली.

गर्भावस्थेपासून द्रव्य देण्याने गाजलेले दोन निकाल सांगण्याजोगे आहेत. १९७७ मध्ये कॅनडातील प्रयोगात आईच्या उदरापासून आहारात सॅकरीन मिळालेल्या दुसऱ्या पिढीतील नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. कॅनडाने बंदी घातली, अमेरिकेत वेष्टनावर इशारा छापला गेला. पुढे उमगले, की नर उंदरांच्या मूत्राच्या विशिष्ट घडणीमुळे तेथे खडे तयार होतात आणि तसे माणसात घडत नाही. २००० मध्ये तो इशारा हटवण्यात आला. दुसरा निकाल एरिथ्रोसिन या गुलाबी-लाल रंगाचा. त्याच्या प्रयोगातही गर्भावस्थेपासून द्रव्य दिले गेले होते आणि मोठ्या मात्रेत नर उंदरांच्या कंठस्थ ग्रंथीत गाठी दिसल्या. हा परिणाम उंदरांपुरता असल्याचे मानले जात असूनही, प्राण्यात कर्करोग घडवणारे मिश्रक नको, या कायद्यातील काटेकोर कलमापोटी अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये अन्नातील त्याची परवानगी रद्द केली.

शंभराने भागाकार

प्राण्यांवरून माणसाची मर्यादा काढण्याचा हिशेब सोपा आहे. ज्या सर्वांत मोठ्या मात्रेत कोणताही अपाय दिसला नाही, तिला साधारणपणे शंभराने भागतात. माणूस उंदरापेक्षा दहापट संवेदनशील असू शकतो आणि माणसामाणसातही दहापट फरक असू शकतो, असे समर्थन त्यामागे दिले जाते. अमेरिकी प्रशासनातील लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये हा गुणक मांडला. १९५६ पासून कार्यरत असलेल्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने तो रूढ केला.

ॲस्पार्टेमचे उदाहरण घेऊ. उंदरांत दर किलोमागे ४,००० मिलिग्रॅम निरुपद्रवी ठरले, त्यावरून माणसासाठी ४० मिलिग्रॅम ही मर्यादा निघाली. ५५ किलोच्या स्त्रीसाठी ती दिवसाला २,२०० मिलिग्रॅम होते. २०२३ मध्ये कर्करोगविषयक चर्चेनंतरही समितीने हीच मर्यादा कायम ठेवली. मात्र फेनिलकीटोन्यूरिया हा आनुवंशिक विकार असलेल्या स्त्रीला हा हिशेब लागू नाही. ॲस्पार्टेममधील फेनिलअॅलनिन तिच्या रक्तात साठते आणि गर्भाच्या मेंदूला इजा करते. म्हणूनच अशा पदार्थांवर स्वतंत्र सूचना छापावी लागते.

आपल्याकडची स्थिती

भारतात १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि त्याखालील नियम ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. या नियमांनी केवळ आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली: पॉन्सो ४आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टारट्राझिन, सनसेट यलो, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. तेही ठरावीक पदार्थांत आणि साधारणपणे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेत. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील केंद्रीय समितीकडे नोंदणी आणि प्रत्येक संस्थेतील नीती समितीची मंजुरी आवश्यक असते.

पण हा सारा डोलारा उभा आहे तो परवानगी असलेल्या आणि मोजून घातलेल्या द्रव्यांसाठी. उघड्यावरची जिलेबी, बुंदी किंवा भेसळीची हळद यांत सापडणारा मेटॅनिल यलो आणि जत्रेतल्या गुलाबी 'म्हातारीच्या केसां'त सापडणारा ऱ्होडामिन बी हे कापड-कागद रंगवण्याचे रंग आहेत. ते अन्नात घालण्यास मनाईच आहे, म्हणून त्यांची 'स्वीकार्य मात्रा'ही नाही. ऱ्होडामिनयुक्त अशा मिठाईवर तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये बंदी घातली. गर्भवतीला पाकिटावर छापलेल्या रंगापेक्षा ज्यावर काहीच छापलेले नाही त्या रंगाचे भय अधिक बाळगले पाहिजे.

साक्षीच्या मर्यादा

या चाचण्यांवरील सर्वांत सबळ आक्षेप असा, की त्या एका वेळी एकच द्रव्य तपासतात. प्रत्यक्षात एका जेवणात रंग, परिरक्षक, गोडी आणि चव वाढवणारी द्रव्ये एकत्र पोटात जातात. शिवाय निष्कर्ष बदलतात. मिठाई पांढरीशुभ्र करणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडबाबत प्रजननविषयक विस्तारित चाचणीत दोष आढळला नाही. तथापि जनुकीय इजेची शंका दूर होत नसल्याने युरोपीय प्राधिकरणाने २०२१ मध्ये ते सुरक्षित मानता येत नसल्याचे सांगितले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघात ते अन्नातून हद्दपार झाले. संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र २०२३ मध्ये उलट मत दिले. एकाच पुराव्यावरून दोन जाणत्या मंडळींची मते भिन्न होऊ शकतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तोही दुर्लक्षिण्याजोगा नाही. मिठाई अधिक लालबुंद दिसावी म्हणून हजारभर गर्भांचे काप करावेत का, हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. झेब्रामाशाचे भ्रूण, मूलपेशी आणि संगणकीय प्रतिमाने यांच्या साहाय्याने घातक द्रव्ये प्राथमिक पातळीवरच गाळण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मात्र आई, वार आणि गर्भ या तिघांचे परस्परसंबंध काचपात्रात पूर्णपणे उभे करणे अद्याप साधलेले नाही.

तोवर घरच्या पातळीवर करण्याजोग्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. गरोदरपणात चहा-कॉफी मोजून घ्यावी, ऊर्जापेये टाळावीत. भडक रंगाचे उघडे पदार्थ घेऊ नयेत. 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. परंतु डोहाळजेवणात एखादी रंगीत बर्फी खाल्ली म्हणून झोप उडवून घेण्याचेही कारण नाही. परवानगी असलेल्या द्रव्यांच्या मर्यादा ठरवताना शंभरपट अंतर राखले गेले आहे. ते अंतर प्रत्यक्ष ताटापर्यंत टिकते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र अन्न निरीक्षकांचे, हलवायांचे आणि आपले स्वतःचे आहे. तेथे उंदरांची साक्ष उपयोगी पडत नाही.